वायदा बाजार : आधी वहीत, मग व्यवहारात

मरोळच्या आमच्या बचत गटांत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. मोबाईलवर मेसेज येतात, 'कमोडिटीत पैसे लावा, महिन्यात दुप्पट.' गावाकडच्या बहिणीही फोन करून विचारतात, हे खरं का? म्हणून आज वायदा बाजाराची माहिती घेऊ.

वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा आणि माल-पैशाचा हिशेब पुढच्या ठरलेल्या महिन्यात करायचा. आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईत कापसाच्या वायद्यासाठी 1875 सालीच संघटना उभी राहिली होती. आज सोनं, चांदी, कच्चं तेल यांचे वायदे मुख्यतः एमसीएक्स या बाजारात होतात. त्याची कचेरी आमच्या जवळच, अंधेरीत चकाल्याला आहे. हळद, जिरं, धणे यांचे वायदे एनसीडीईएक्सवर होतात. दोन्हींवर 2015 पासून सेबीची देखरेख आहे.

आता हळदीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. एक सौदा 50 क्विंटलचा आणि भाव क्विंटलला 14,000 रुपये, म्हणजे माल झाला 7 लाखांचा. पण सौदा करताना सगळे पैसे भरावे लागत नाहीत. काही टक्के अनामत भरायची, तिला मार्जिन म्हणतात. 10 टक्के धरले तर 70,000 रुपये. इथेच माणूस फसतो. 70,000 भरले, तरी नफा-तोटा पूर्ण 7 लाखांच्या मालावर होतो. तुम्ही वायदा घेतला आणि भाव क्विंटलला 500 रुपयांनी उतरला, तर 25,000 गेले. हा हिशेब रोजच्या रोज होतो. तोटा लगेच भरावा लागतो, नाही भरला तर दलाल सौदा तोडून टाकतो.

मग याचा उपयोग कोणाला? ज्याच्या घरात माल आहे त्याला. समजा, तुमच्या शेतकरी कंपनीकडे 50 क्विंटल हळद आहे आणि भाव उतरण्याची भीती आहे. कंपनीने 14,000 ने वायदा विकून ठेवला. भाव 12,500 वर आला, तर बाजार समितीत 75,000 कमी मिळतील, पण वायद्यात साधारण तेवढेच सुटतील. भाव 15,500 झाला, तर उलट होईल. वायद्यात तोटा, मालात फायदा. म्हणजे यातून जादा कमाई होत नाही, भाव बांधला जातो. बाजार समितीचा आणि वायद्याचा भाव अगदी जोडीने चालतोच असं नाही, म्हणून थोडा फरक राहतो.

ऑप्शन हा विम्यासारखा असतो. 'पुट' घेतला की ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क मिळतो, सक्ती नसते. समजा, क्विंटलला 300 रुपये हप्ता भरला, म्हणजे 15,000. भाव पडला तर हक्क वापरायचा. चढला तर सोडून द्यायचा, हप्ता गेला एवढंच. 'कॉल' हा याउलट, खरेदीचा हक्क. पण ऑप्शन विकणाऱ्याच्या तोट्याला अशी मर्यादा नसते. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. आणि प्रत्येक मालावर ऑप्शन मिळतोच असंही नाही.

धोका किती, ते एका घटनेवरून कळेल. 20 एप्रिल 2020 ला टाळेबंदीमुळे आपला बाजार संध्याकाळी 5 ला बंद झाला. त्या रात्री अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. एमसीएक्सने हिशेबाचा भाव धरला पिंपाला उणे 2,884 रुपये. एक सौदा 100 पिंपांचा. ज्यांनी तेल घेऊन ठेवलं होतं, त्यांना बाहेर पडायची संधीही मिळाली नाही. सरकारी निर्णयाचाही धोका असतो. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मूग अशा सात मालांचे वायदे सेबीने थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनबद्दल सेबीने 2024 मध्ये सांगितलं की, तीन वर्षांत 100 पैकी 93 जणांना तोटा झाला. तो बाजार वेगळा, पण धडा तोच.

तरीही सुरुवात करायची असेल, तर क्रम असा ठेवा. पहिलं, तीन महिने एक पैसाही न लावता वहीत रोज दोन भाव लिहा, आपल्या बाजार समितीचा आणि वायद्याचा. माल आज विकायचा की गोदामात ठेवायचा, हे ठरवायलाही ही वही कामाला येईल. दुसरं, दलालाची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. खात्यासाठी पॅन, बँक खातं आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. तिसरं, पैसे फक्त आपल्या बँकेतून दलालाच्या अधिकृत खात्यात भरा, कोणा व्यक्तीच्या नावावर नाही. चौथं, ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका, घरच्या माणसालाही. ठरलेल्या नफ्याची हमी देणारा माणूस फसवणारा समजा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.

आणि गटाच्या पैशाबद्दल स्पष्ट सांगते. बचत आणि अंतर्गत कर्जाची रक्कम या बाजारात लावू नका. तो पैसा कोणाच्या दवाखान्याचा असतो, कोणाच्या मुलीच्या फीचा. रोज तोटा भरायची ताकद त्या पेटीत नसते. या महिन्याच्या बैठकीत तसा ठराव इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. भाव बांधायचा असेल, तर ते काम माल गोळा करणाऱ्या शेतकरी कंपनीने करावं, तेही मालाइतकंच. एक क्विंटलही जास्त नाही.