चाचणीच्या कागदावर सही कोणाची?

‘डॉक्टर, नवीन औषधाची चाचणी सुरू आहे म्हणतात. आमच्या पेशंटला घेतील का?’ केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाला की नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागे आशा असते, म्हणूनच उत्तर नेमके द्यावे लागते.

पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य प्रश्न ‘कॅन्सर बरा होतो का’ हा नसतो. ‘शरीराला किती मात्रा झेपते’ हा असतो. रूढ पद्धतीत आधी तीन रुग्णांना कमी मात्रा देतात. कोणालाही गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वाढीव मात्रा मिळते. एकाला त्रास झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघांना तपासतात. दोघांना झाला तर मात्रा वाढवणे थांबते. म्हणजे सुरुवातीच्या रुग्णांना औषध अपुरे पडण्याची आणि शेवटच्यांना त्रास जास्त होण्याची शक्यता असते.

फायदा कधीच होत नाही, असेही नाही. इमॅटिनिब या औषधाची पहिली चाचणी अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्ताचे प्रमाण पूर्ववत झाले. पण हा अपवाद. सुमारे बारा हजार रुग्णांच्या अमेरिकी आढाव्यात (२००५) दहातल्या साधारण एकाचाच कॅन्सर लक्षणीय कमी झाला. दोनशेत सुमारे एकाचा मृत्यू औषधामुळे झाला.

म्हणून सही करण्यापूर्वी विचारा : हे औषध याआधी किती जणांना दिले? माझी मात्रा कितवी? किती खेपा, किती तपासण्या? प्रवासखर्च कोण देणार? माहितीपत्रक मराठीतच मागा आणि घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा २०१९ च्या नियमांनी दिलेला हक्क आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. ‘त्यांना कॅन्सरचे सांगू नका, खचतील,’ असे घरचे म्हणतात आणि चाचणीची चौकशीही तेच करतात. आजार ठाऊक नसलेल्या माणसाचा अंगठा ही संमती नव्हे. त्याला कदाचित चाचणीपेक्षा वेदना आटोक्यात ठेवून घरी, नातवंडांत राहायचे असेल. ते त्याला विचारायला हवे. आणि विचारण्यासाठी आधी खरे सांगायला हवे.