वनस्पती पेशीतील ऊर्जा

वनस्पतीची पेशी सूर्यप्रकाशातील ऊर्जा शर्करेच्या रूपात साठवते व पुढे त्या शर्करेतून मोकळी करून वापरते. यांपैकी पहिले काम हरितलवकात व दुसरे मुख्यतः तंतुकणिकेत होते. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, ही सर्वत्र आढळणारी समजूत चुकीची आहे. जिवंत पेशीचे श्वसन अहोरात्र चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून पुष्कळ अधिक असल्याने हिरवे पान एकंदरीत ऑक्सिजन सोडताना दिसते, एवढेच. डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्येच दाखवून दिले होते की, हवा शुद्ध करण्याचे काम केवळ हिरवे भाग आणि तेही प्रकाशातच करतात.

हरितलवकातील कार्य

हरितलवकात चपट्या पटल-पिशव्यांच्या चळती असतात. या पटलांतील हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि त्या ऊर्जेने पाण्याच्या रेणूंचे विघटन होते. बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो. जड ऑक्सिजन वापरून केलेल्या प्रयोगांनी १९४१ मध्ये या मताला बळकटी मिळाली. इलेक्ट्रॉन पटलातून पुढे सरकत असताना हायड्रोजन आयन पिशवीच्या आत साठत जातात. ते परत बाहेर येताना एटीपी सिंथेज हे विकर फिरते व एटीपी तयार होते. धरणात अडवलेल्या पाण्यावर जनित्र चालावे, तसाच हा प्रकार आहे.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा ती बहुतेकांना पटली नाही. १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ व अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतील ही पटले अंधारातच आधी आम्ल द्रावणात व नंतर एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी तयार झाले. मिचेल यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या एटीपीचा मोठा भाग हरितलवकातच खर्च होतो. कॅल्व्हिन चक्रात तीन कार्बनी शर्करेचा एक रेणू बनवण्यास एटीपीचे ९ व एनएडीपीएचचे ६ रेणू लागतात. पेशीच्या इतर भागांना मुख्यतः ही शर्कराच मिळते. तिच्यापासून सुक्रोज तयार होऊन ते रसवाहिन्यांतून मुळे, फळे व कोंबांकडे जाते. उरलेली शर्करा दिवसभर पिष्टाच्या कणांत साठते आणि रात्री वापरली जाते.

श्वसन आणि ऊर्जेचा वापर

मुळांच्या पेशींत हरितलवके नसतात, त्यामुळे त्या सर्वस्वी पानांकडून आलेल्या शर्करेवर जगतात. जमिनीतील नायट्रेट व पोटॅशियम आत ओढून घेण्यासाठी त्यांना सतत एटीपी लागते. ग्लुकोजचे पहिले विघटन पेशीद्रव्यात होते व त्यातून एटीपीचे फक्त २ रेणू मिळतात. ऑक्सिजन असेल तर तंतुकणिकेतील क्रेब्ज चक्र व त्यापुढील क्रियांमुळे ही संख्या सुमारे ३० पर्यंत जाते. शेतात पाणी तुंबले की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि त्यांना त्या दोन रेणूंवरच भागवावे लागते. पाण्यात उभे असूनही पीक कोमेजते ते यामुळे. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असल्याने ते पीक तग धरते.

काढणीनंतरही श्वसन थांबत नाही. साठवलेला कांदा आपलीच शर्करा वापरत राहतो, उष्णता व बाष्प सोडतो आणि वजनाने घटतो. नाशिक परिसरातील कांदाचाळी हवा खेळती राहील अशा बांधतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

काही वनस्पतींच्या तंतुकणिकांत पर्यायी ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रॉनांना आडवाटेने नेते. त्या वाटेने एटीपी फारसे बनत नाही. ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. अळूच्या कुळातील अनेक वनस्पतींचे फुलोरे अशा रीतीने तापतात व त्यांचा गंध दूरवर पसरून कीटक आकर्षित होतात. कमळाचे फूल तर भोवतालची हवा १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरली तरी आपले तापमान ३० ते ३५ अंशांच्या आसपास राखते.