उजनीतली मासेमारी

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या यशवंतसागर जलाशयात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसी मृतसाठा, जो टक्केवारीत धरत नाहीत. म्हणजे बातम्यांत धरण 'शून्य टक्के' झालं तरी तळाशी भरपूर पाणी असतं. मासा टिकतो तो त्याच्यावर.

संध्याकाळी होडीतून जाळं सोडायचं, पहाटे ओढायचं. मासा डोकं घालतो, कल्ल्यांपाशी अडकतो. पुढे जाता येत नाही, मागेही नाही. किती मोठा मासा अडकेल, हे जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकांच्या आकारावर ठरतं.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. चिलापीचं तसं नाही. मूळची आफ्रिकेची ही मासळी. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या पाण्यातही ती वाढते. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात ती मुबलक मिळते. (तळून खावी, रश्श्यात कटलाच बरा.)

जलाशयातल्या मासळीचं खरं नुकसान करतं बारीक आसाचं जाळं: वाढायच्या आतच पिल्लं उचलली जातात. तेव्हा बोटभर मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.