शोधयंत्राच्या दप्तरी दाखल होताना

संकेतस्थळ सर्व्हरवर चढविले, त्याचा पत्ता रीतसर नोंदविला आणि पहिले पान स्वतःच्या डोळ्यांनी उघडून पाहिले, म्हणजे आता आपण जगाच्या दृष्टीस पडलो अशी जी समजूत नव्या स्थळचालकाची होते, ती शोधयंत्रात त्याने आपलेच नाव घालून पाहीपर्यंत टिकते. नाव सापडत नाही. शोधयंत्र कोणी प्रश्न विचारताच जगभरच्या संकेतस्थळांकडे धाव घेत असावे हा आपला ग्रह मुळातच चुकीचा आहे; ते केवळ स्वतःच्या दप्तरी पूर्वीच दाखल झालेल्या नोंदी चाळते, आणि त्या दप्तरात जे नाही ते शोधणाऱ्यापुरते अस्तित्वातच नसते.

या दप्तराची मांडणी ग्रंथाच्या अखेरीस जोडलेल्या शब्दसूचीसारखी असते, म्हणजे प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या पानांवर आला त्यांचे पत्ते. पण सूची व्हायची तर पान आधी कोणी तरी वाचले पाहिजे. हे वाचनाचे काम क्रॉलर नावाचा प्रोग्राम करतो, आणि तो एका परिचित पानावरील दुवा धरून दुसऱ्यावर व तेथून तिसऱ्यावर असा अखंड संचार करीत असल्यामुळे, ज्याच्याकडे कोणाचाच दुवा जात नाही असे पान कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी त्याच्या वाटेवर येत नाही.

आरंभी हा व्यवहार निराळा असावा अशी काहींची इच्छा होती. 1993 मध्ये मार्टेन कोस्टर यांनी 'अलीवेब' काढले, त्यात स्थळचालकाने आपल्या पानांचे वर्णन आपणच लिहून कळवावे अशी योजना होती; हे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांचे 'जम्पस्टेशन' कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता स्वतःच पाने गोळा करू लागले. पुढे स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या 'पेजरँक'ने तर मालकाच्या जबानीपेक्षा परक्याच्या शिफारशीला अधिक मोल दिले: कोण तुमच्याकडे बोट दाखवितो, आणि त्याची स्वतःची प्रतिष्ठा किती! मालकाने पानात गुप्तपणे पेरलेल्या 'कीवर्ड्स'ना आपल्या क्रमवारीत स्थान नाही, हे गुगलने 2009 मध्ये जाहीरच करून टाकले.

तरीही अर्ज करण्याची वाट पुरती बंद झाली नाही. 2005 मध्ये गुगलने 'साइटमॅप' ही पद्धत आणली. एका फायलीत 50,000 पर्यंत पत्ते लिहून द्यावेत, शोधयंत्राने सवडीने पाहावेत. या यादीचा दर्जा विनंतीचा, हुकुमाचा नव्हे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि आठवडा उलटताच तगादे सुरू होतात. साइटमॅप बदलल्याची वर्दी कोणीही, ओळख न पटविता, गुगलला देऊ शकेल अशी सोय होती. तीही 2023 मध्ये रद्द ठरली, कारण त्या मार्गाने येणाऱ्या बहुतेक अर्जांमागे निकृष्ट मजकूरच निघतो, असा गुगलचा अनुभव. मला हा निर्णय कठोर वाटला तरी अन्यायाचा वाटत नाही.

मनाईची तऱ्हा याहून विलक्षण. कोस्टर यांनीच 1994 मध्ये सुचविलेल्या 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' या फायलीत क्रॉलरला प्रवेशबंदी लिहिता येते, आणि पानाच्या आत 'नोइंडेक्स' असे लिहून नोंदच नाकारता येते. एखादा सावध गृहस्थ दोन्ही उपाय एकदम योजतो आणि तेथेच फसतो. कारण दारातच अडविलेल्या क्रॉलरला आतील 'नोइंडेक्स' वाचायला मिळत नाही, आणि अन्यत्रच्या दुव्यांवरून त्या पानाचा नुसता पत्ता दप्तरात दाखल होऊ शकतो.

मराठीच्या वाट्याला या सर्वांखेरीज एक निराळी अडचण आली. आरंभीच्या काळात कित्येक मराठी संकेतस्थळांनी आपापले खासगी फाँट वापरले. वाचकाच्या संगणकावर तो फाँट असला की अक्षरे सुबक दिसत. परंतु क्रॉलरला आकाराशी कर्तव्य नाही, तो मागचे संकेतांक वाचतो, आणि त्याच्या लेखी अशा फाँटातील सबंध अग्रलेख म्हणजे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन ढीग होता. पान दाखल झाले तरी कोणत्याही मराठी शब्दाखाली त्याची नोंद पडेना. यावर उतारा होता तो प्रत्येक लिपीतील अक्षरांना एकच ठरलेले संकेतांक देणाऱ्या युनिकोड या सामाईक पद्धतीचा; देवनागरी 1991 च्या पहिल्याच युनिकोडमध्ये समाविष्ट होती, पण ती विंडोजमध्ये विंडोज 2000 पासून आली, आणि छापखान्यांच्या सवयी त्याहून मंद गतीने बदलल्या. युनिकोडातही 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी साठविता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात, आणि शोधयंत्राने ती एक मानली तरच सह्याद्रीवरचा सगळा मजकूर एका शब्दाखाली येतो.