कर्करोग गेला, तक्रारी राहिल्या

गुदाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होते, टाके निघतात, रिपोर्ट चांगले येतात. तरीही रुग्ण एस.टी.त बसायला तयार नसतो, लग्नकार्याला जात नाही. घरच्यांना वाटते, आजाराचा धसका घेतला. खरे कारण निराळेच असते. पण ते चारचौघांत सांगण्यासारखे नसते.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. मळ साठवून धरणे आणि 'आता जायला हवे' ही सूचना देणे, हे त्याचे काम. गाठ काढताना यातला बराच भाग काढून वरचे आतडे खाली जोडतात. या आतड्यात साठवणीची तेवढी जागा नसते. त्यामुळे दिवसातून अनेकदा शौचास लागणे, एकदम घाई होणे, जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जावे लागणे, वायू न धरवणे, कपडे खराब होणे, असे त्रास होतात. हे मनाचे खेळ नव्हेत. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी २०१२ मध्ये या त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी पाच प्रश्नांची गुणपद्धत प्रसिद्ध केली आहे.

अनेकांना ऑपरेशनपूर्वी किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला 'लाईट' म्हणतात ते, दिले जातात. कधी ५ दिवस, तर कधी सुमारे ५ आठवडे. त्याने गाठ लहान होते, त्याच जागी रोग उलटण्याचा धोका कमी होतो. परंतु शेजारच्या निरोगी भागांनाही किरणांची झळ लागते. तेथील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्याचे परिणाम काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसतात. शौचावाटे रक्त जाते, लघवी वारंवार होते, कमरेखालची हाडे ठिसूळ होतात. तरुण स्त्रियांची पाळी अकाली बंद होऊ शकते. लघवी व लैंगिक क्रियेच्या नसा गुदाशयाला अगदी लगटून असल्याने पुरुषांत शिथिलता, तर स्त्रियांत योनीचा कोरडेपणा व संबंधाच्या वेळी वेदना हे त्रासही होतात. यावर पती-पत्नी दोघेही गप्प बसतात.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक परगावी जायचे म्हटले की आदल्या दिवसापासून जेवण सोडत. वजन घटले, तेव्हा रोग उलटला म्हणून घरात रडारड झाली. तपासणीत तसे काही निघाले नाही. उपास हा यावरचा उपाय नव्हे.

आतड्याच्या तक्रारी पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच कमी होतात. काहींच्या मात्र टिकून राहतात. त्यांच्यासाठी इसबगोल, जुलाब आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या, गुदद्वाराचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, नळीने पाणी सोडून आतडे साफ करण्याची पद्धत असे उपाय आहेत. लैंगिक तक्रारींवरही औषधे आहेत. हे सारे डॉक्टरी सल्ल्यानेच करावे.

दोन गोष्टी विसरू नका. रक्त गेले तर 'मूळव्याध असेल' म्हणून घरगुती औषध करू नका, तपासून घ्या. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पूर्वी किरणोपचार झाल्याचे आधी सांगा, जुनी फाईल सोबत न्या. ज्यांचे उपचार अजून व्हायचे आहेत, त्यांनी हे परिणाम आधीच विचारून घ्यावेत. मूल हवे असलेल्या तरुणांनी तर अवश्य. मात्र या भीतीने उपचार टाळू नयेत. रोग जिवावर उठतो. त्रासावर इलाज करता येतो.