उत्तर आले, उदाहरण राहिले

अकरावीच्या पदार्थविज्ञानातील एक साधे उदाहरण आहे. २५ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर या वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण १० धरल्यास तो किती वेळाने जमिनीवर पडेल? सूत्रात आकडे घातले की एक वर्गसमीकरण मिळते आणि त्याची दोन मुळे निघतात : ५ आणि उणे १. आमच्या शेजारची एक विद्यार्थिनी परवा हे उदाहरण सोडवीत बसली होती. तिने उणे एकावर काट मारली, बाजूला ‘वेळ ऋण असू शकत नाही’ असे लिहिले आणि पाच सेकंदांखाली दोन रेघा ओढून ती पुढल्या उदाहरणाकडे वळली. “त्या उणे एकाचा अर्थ काय गं?” असे मी विचारले. “काका, त्याला अर्थ नसतो. तो सोडून द्यायचा असतो,” ती म्हणाली. तिचे उत्तर बरोबर होते. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते.

वस्तुतः त्या उणे एकाला फार चांगला अर्थ आहे. समजा, तोच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकला असता. एका सेकंदात तो २५ मीटर चढला असता, त्याचा वेग घटून २० मीटरवर आला असता आणि मनोऱ्याच्या माथ्यापाशी तो नेमका त्याच क्षणी, त्याच वेगाने पोहोचला असता. समीकरणाला मनोरा ठाऊक नसतो, फेकणारा हात ठाऊक नसतो. त्याला फक्त गती ठाऊक असते. म्हणून चेंडू जमिनीवर असण्याच्या दोन्ही वेळा ते प्रामाणिकपणे सांगते. एवढे एकदा उमगले म्हणजे सूत्र हे पाठ करण्याचे वाक्य उरत नाही. उदाहरण त्यासाठीच तर घातलेले असते. येथे मात्र उत्तर हाती आले आणि उदाहरण तसेच मागे राहिले.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे. पदार्थविज्ञानाच्या अंगणात त्याने का डोकवावे, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, त्या मुलीने जे केले त्यात बुद्धीची उणीव नव्हती. जेथे मोबदला मिळत नाही तेथे तिने श्रम खर्च केले नाहीत, इतकेच. मोबदला, श्रम आणि वेळ यांचा हिशेब हा आमच्याच शास्त्राचा विषय आहे.

सरावाचे उदाहरण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ अशा उदाहरणांनी भरलेला आहे. त्यांतले एक प्रसिद्ध आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येत आहे. दोघांची चाल सारखी असेल, तर मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठील? उत्तर १२ हात. या उदाहरणासाठी ‘मोराचे सूत्र’ असे काही नाही. आकृती काढावी लागते, काटकोन त्रिकोण शोधावा लागतो आणि ‘चाल सारखी’ याचा अर्थ ‘अंतर सारखे’ हे स्वतःशी पटवून घ्यावे लागते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. अध्ययन याचा अर्थ तेव्हाही केवळ पाठांतर असा नसावा.

आजच्या उच्च माध्यमिक वर्गात घर्षणाचे एक उदाहरण हटकून चुकते. पाच किलोचा ठोकळा सपाट पृष्ठावर ठेवला आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४ आहे आणि ठोकळ्याला १० न्यूटन बलाने आडवे ओढले आहे. तर घर्षणबल किती? पुष्कळ मुले गुणाकार करून २० न्यूटन सांगतात. खरे उत्तर १० न्यूटन आहे. वीस ही मर्यादा झाली. घर्षण गरजेपुरतेच बल लावते. ते खरोखर वीस असते, तर ओढलेला ठोकळा उलट दिशेने चालू लागला असता! बँकेने वीस हजारांपर्यंत कर्ज मंजूर केले आणि आपण दहाच हजार उचलले, तर देणे दहा हजारांचेच असते, हे कोणत्याही कारकुनास कळते. विद्यार्थ्यालाही ते कळते. पण सूत्र दिसताच आकडे घालण्याची सवय त्या कळण्याच्या आड येते.

ही सवय आली कोठून? महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे प्रत्येक प्रश्नास ५४ सेकंद. अखिल भारतीय पातळीवरील जेईई मुख्य परीक्षेत २०२५ साली तीन तासांत ७५ प्रश्न होते. म्हणजे प्रत्येकी २ मिनिटे २४ सेकंद. याउलट आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान ऑलिंपियाड पाहावे. १९६७ साली वॉर्सा येथे सुरू झालेल्या आणि २०१५ साली मुंबईत भरलेल्या या स्पर्धेत तात्त्विक भागासाठी तीन प्रश्न आणि पाच तास देण्याची प्रथा आहे. विषय तोच, विद्यार्थ्यांचे वयही साधारण तेच. एकीकडे एका प्रश्नाला दीड तासाहून अधिक अवधी, तर दुसरीकडे एक मिनिटसुद्धा नाही. चोपन्न सेकंदांत उणे एकाचा अर्थ शोधीत बसणारा मुलगा शहाणा असला, तरी मागे पडणारच.

आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेच्या अंतिम टप्प्यात २००५ पर्यंत रीतीसह उत्तरे लिहावी लागत. २००६ पासून ती परीक्षा पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदविले होते. त्याचा मथितार्थ असा की, एखाद्या मापालाच धोरणाचे लक्ष्य केले की ते माप म्हणून भरवशाचे राहत नाही. उदाहरणाचे अचूक उत्तर हे समजुतीचे माप होते. ते लक्ष्य झाल्याबरोबर, समजुतीवाचून अचूक उत्तर काढण्याची कला वाढीस लागली. प्रश्नांचे साचे पाडावयाचे, साचा ओळखावयाचा, आकडे घालावयाचे आणि पर्याय निवडावयाचा. ही कला शिकविता येते, तिच्या पुस्तिका काढता येतात आणि ती विकता येते. खाजगी शिकवण्यांचा भलामोठा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे.

यात खरे नुकसान कोणाचे, ते पाहिले पाहिजे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, दोन वर्षांची फी परवडत नसलेल्या मुलाजवळ भांडवल म्हणून दोनच गोष्टी असतात : वेळ आणि चिकाटी. एका उदाहरणाशी तो संध्याकाळभर झुंजू शकतो. हरिश्चंद्र वर्मा यांच्या १९९२ साली निघालेल्या पुस्तकाचे दोन भाग किंवा इरोदॉव यांच्या रशियन प्रश्नसंग्रहाची एखादी जुनी प्रत, एवढ्यावर असा मुलगा पुष्कळ दूर जाऊ शकतो. जुन्या परीक्षेच्या काळीही शिकवण्या होत्या आणि शहरी मुलांचेच पारडे जड होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, परीक्षेचे मोल जसजसे वेगाकडे झुकते, तसतसे चिकाटीच्या भांडवलाचे अवमूल्यन होते आणि विकत मिळणाऱ्या साच्यांचे मोल वाढते. हा केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे.

मग वस्तुनिष्ठ परीक्षा घेणारे सारे अविचारी आहेत काय? मुळीच नाही. येथे खर्चाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लाखो विद्यार्थ्यांची रीत वाचावयाची, ती निःपक्षपातीपणे तपासावयाची आणि निकाल वेळेवर लावावयाचा, हे काम प्रचंड खर्चाचे आहे. यंत्र ते जवळजवळ फुकट करते आणि वशिल्यालाही वाव ठेवीत नाही. वर्गातही तीच अडचण आहे. एका तुकडीत ८० मुले असतील आणि प्रत्येकाच्या वहीला आठवड्यातून पाचच मिनिटे दिली, तरी ४०० मिनिटे लागतात. म्हणजे जवळजवळ सात तास. दोन तुकड्या असल्या तर तेरा तासांहून अधिक. एवढे करून शिक्षकाने शिकवावे केव्हा? रीत तपासली जात नाही, याचे कारण आळस नसून हा हिशेब आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत हिशेबाची दुसरी बाजू बदलली आहे. उदाहरणाचे छायाचित्र घेतले की मोबाईलवर पायऱ्यांसह उत्तर येते. जी वस्तू जवळजवळ फुकट आणि अमर्याद मिळू लागते तिची किंमत बाजारात शून्याकडे जाते, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवितो. उत्तराचे तेच होत आहे. आता दुर्मिळ आहे ती, समोर आलेले उत्तर खरे की खोटे, ते कोणत्या गृहीतावर उभे आहे आणि ते गृहीत मोडले तर काय होईल, हे सांगणारी बुद्धी. आपण मात्र दोन वर्षे मुलांकडून नेमक्या त्याच वस्तूचे उत्पादन करून घेत आहोत, जिची किंमत उतरली आहे.

यावर उपाय थोड्या खर्चात होण्यासारखे आहेत. पहिला मंडळाच्या परीक्षेसंबंधीचा. बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या ७० गुणांच्या लेखी पत्रिकेत एखादे दीर्घ उदाहरण असे असावे, की ज्याचे उत्तर प्रश्नातच छापलेले असेल आणि गुण केवळ युक्तिवादाला असतील. ‘चेंडू ५ सेकंदांनी पडतो हे दाखवा, समीकरणाचे दुसरे मूळ उणे १ येते, त्याचा अर्थ सांगा.’ उत्तर आधीच दिले की ते पाठ करण्यात किंवा चोरण्यात काही हशील उरत नाही.

दुसरा उपाय वर्गातला आहे. सगळ्या वह्या तपासणे अशक्य असेल, तर आठवड्याला पाच वह्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्येकीला पंधरा मिनिटे द्यावीत. सव्वा तासाचे काम आहे. एकदा निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवीत गेल्यास सोळा आठवड्यांत ऐंशी जणांची पाळी येते. आपली वही केव्हा निघेल हे कोणालाच आधी ठाऊक नसल्यामुळे रीत सगळ्यांनाच लिहावी लागते. नमुना-पाहणीचे हे तत्त्व आमच्या शास्त्रात रोजच्या वापरातले आहे.

तिसरा उपाय उदाहरणांच्या निवडीचा. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप आहे, पाणी १५ मीटर खाली आहे, वीज रात्री आठ तास असते; तर एका रात्रीत एक एकर उसाला किती पाणी मिळेल? ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही वर्गात हे विचारता येईल. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण एवढ्याने भागत नाही. पंपाची कार्यक्षमता किती, हे विद्यार्थ्याने स्वतः विचारावे लागते. ती निम्मी धरली तर सेकंदाला सुमारे १२.७ लिटर आणि रात्रभरात सुमारे ३ लाख ६५ हजार लिटर पाणी निघते. एकरभर रानात ते सुमारे नऊ सेंटिमीटर उभे राहील. मग कोणीतरी हात वर करील आणि म्हणेल, “सर, पण उपसा होईल तशी विहिरीतली पातळी खाली जाते.” तो प्रश्न ज्या दिवशी वर्गात विचारला जाईल, त्या दिवशी उदाहरणाने आपले काम केले असे समजावे.

शेजारच्या मुलीला मी उणे एकाचा अर्थ सांगितला नाही. एवढेच म्हटले की, चेंडू मनोऱ्यावर येण्याआधी कोठे असता, याचा विचार कर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन आली. आकृतीत तिने मनोरा पुसून टाकला होता आणि जमिनीपासून निघालेली एक रेघ वर नेली होती. त्या उदाहरणापायी दुसरी बारा उदाहरणे राहून गेली, अशी तिची तक्रार होती. तक्रार खरी होती. ती बारा उदाहरणे राहिल्याबद्दल या मुलीला दंड न करणारी परीक्षा आपण केव्हा घेणार, हा प्रश्न मात्र तिने सोडवावयाचा नाही. तो आपण सोडवावयाचा आहे.