घरगुती इंधनाची बचत आणि अन्नाचे रक्षण

वैशाखातील उन्हात गावोगावच्या अंगणांत व गच्च्यांवर कुरडया, पापड आणि सांडगे वाळत घातलेले दिसतात. त्याच घराच्या ओसरीवर मातीचा माठ पाझरत असतो आणि स्वयंपाकघरात डाळीचे भांडे रटरटत असते. वाळवण, माठ आणि डाळीचे भांडे या तिन्ही ठिकाणी एकच क्रिया चाललेली असते, ती म्हणजे पाण्याची वाफ होण्याची. पहिल्या दोन ठिकाणी ती क्रिया कुटुंबाच्या उपयोगी पडते. तिसऱ्या ठिकाणी मात्र ती घरातील इंधन घेऊन उडून जाते. घरगुती इंधनाची बचत आणि अन्नाचे रक्षण हे दोन विषय वेगळे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी असलेले हे साधे शास्त्र ध्यानात घेतल्यास दोहोंचाही उलगडा होतो.

उकळीचा हिशेब

एक लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत, म्हणजे १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करावयाची, तर आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे पाणी तापविण्यापेक्षा ते आटविण्यास सातपटींहून अधिक उष्णता लागते. शिवाय उघड्या भांड्यातील पाण्याला एकदा उकळी फुटली की, खालचा जाळ कितीही वाढविला तरी त्याचे तपमान वाढत नाही. मोठ्या जाळावर डाळ लवकर शिजते हा समज त्यामुळे खरा नाही. मोठ्या जाळाने केवळ वाफ अधिक होते. उकळी आल्यावर आच मंद करणे आणि भांड्यावर झाकण ठेवणे, या दोन सवयींना एक पैसाही पडत नाही. आणि बचतीचा आरंभ त्यांपासूनच होतो.

डाळी, कडधान्ये व तांदूळ आधी भिजत घातल्यास पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते आणि शिजण्याचा वेळ कमी होतो. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने दाब वाढतो आणि आतील पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. अन्न लवकर शिजण्याचे कारण हेच आहे. कुकरमधून सतत शिट्ट्या निघत असल्यास आच गरजेपेक्षा मोठी आहे असे समजावे. एकाच कुकरमध्ये डाळ, भात व भाजी एकावर एक ठेवून शिजविण्याची आपल्याकडील पद्धत या दृष्टीने अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. गॅसची ज्योत भांड्याच्या तळाबाहेर जाता कामा नये. ती पिवळी दिसू लागली किंवा भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे साफ करावीत.

साठलेल्या उष्णतेवर अन्न शिजविण्याची आणखी एक रीत आहे. लाकडी खोक्यात किंवा टोपल्यात गवत, भाताचा तूस अथवा जुन्या गोधड्या दाबून मध्ये भांड्यापुरती जागा ठेवावी. भात किंवा डाळ झाकण ठेवून काही मिनिटे नीट उकळवावी आणि भांडे तसेच त्या पेटीत ठेवून वरून उशीने घट्ट झाकावे. बाहेर उष्णता न गेल्यामुळे उरलेले शिजणे पेटीतच पूर्ण होते. मात्र अन्न गरम असतानाच वाढले पाहिजे. ही पेटी शिजविण्याची सोय आहे, साठवणीची नव्हे.

पुणे येथील ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेला ‘सराई’ कुकर याच तत्त्वांवर आधारलेला आहे. त्यात एकावर एक ठेवलेल्या डब्यांभोवती वाफ कोंडली जाते आणि थोड्याशा कांडीकोळशावर कुटुंबाचे जेवण तयार होते. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेला २००२ व २००६ साली ‘ॲश्डेन’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांपैकी दुसरा पुरस्कार स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी होता.

बचत कशासाठी?

साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. बाकीची वाया जाते आणि धूर घरात कोंडतो. या धुराचा पहिला बळी चुलीपुढे बसणारी स्त्री आणि तिच्या कडेवरचे मूल असते. डोळ्यांची जळजळ, जुनाट खोकला व श्वसनाचे विकार हे अनेक घरांत नशिबाचा भाग समजले जातात. वस्तुतः ते धुराचे परिणाम असतात. १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यातून एक धडा मिळाला : धुराडे वेळोवेळी साफ केले नाही आणि मोडलेली चूल दुरुस्त करणारे माणूस गावात नसले, तर उत्तम चूलही लवकरच निरुपयोगी होते.

१ मे २०१६ रोजी आरंभ झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा गॅस गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचला. परंतु जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिलिंडर संपला आणि हातात पैसा नसला की तीच गृहिणी पुन्हा लाकडाच्या चुलीकडे वळते. म्हणून १४.२ किलोग्रॅमचा सिलिंडर चार-सहा दिवस अधिक पुरविणे ही केवळ काटकसर नव्हे. ते चार-सहा दिवस घरात धूर नसतो, हा तिचा खरा अर्थ आहे.

अन्न का नासते?

अन्न नासले की ते पिकविण्यास, दळण्यास व शिजविण्यास लागलेले सारे श्रम आणि इंधन वाया जाते. नासण्याची क्रिया जीवाणू व बुरशी यांच्यामुळे होते आणि त्यांना पाणी, ऊब व वेळ लागतो. यांपैकी काहीतरी तोडणे म्हणजेच अन्नरक्षण. वाळवणात ऊन पाणी काढून घेते. मुरांब्यातील साखर आणि लोणच्यातील मीठ पाणी बांधून ठेवते, त्यामुळे ते जंतूंना मिळत नाही. लोणच्यावरील तेलाचा थर हवा अडवितो आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही. कैरी व लिंबू यांचा आंबटपणा तर स्वतःच रक्षक असतो.

हे कारण समजले की काही चुका टळतात. रक्तदाबामुळे लोणच्यातील मीठ कमी केल्यास ते बाहेर टिकणार नाही. असे लोणचे थोडेच घालून फ्रिजमध्ये ठेवावे. लसूण किंवा ओली मिरची आंबट पदार्थाशिवाय नुसती तेलात बुडवून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. कारण हवा नसलेल्या आणि आम्लता कमी असलेल्या अन्नात प्राणघातक विष निर्माण करणारे जीवाणू वाढू शकतात. बरणी काचेची वा चिनी मातीची असावी, कारण आम्लाची धातूशी क्रिया होते. पालेभाज्या कडक उन्हाऐवजी सावलीत वाळविल्यास त्यांतील जीवनसत्त्वे अधिक टिकतात.

धान्य कणगीत किंवा कोठीत भरण्यापूर्वी चांगले वाळवून त्यातील ओलावा सुमारे बारा टक्क्यांपर्यंत आणावा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा येथे उपयोगी पडते. भुईमुगाच्या शेंगांबाबत विशेष दक्षता हवी. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत ‘अफ्लाटॉक्सिन’ हे यकृताला घातक विष असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. असे दाणे जनावरांनाही घालू नयेत. शिजविलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवल्यास त्यातही विष तयार होऊ शकते आणि सकाळी फोडणी दिल्याने ते जात नाही.

विजेवाचून गारवा

माठाचे पाणी थंड होते, कारण पाझरणारे पाणी वाफ होताना लागणारी उष्णता माठातूनच घेते. हेच तत्त्व वापरून नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. सावलीच्या जागी विटांच्या दोन भिंती एकीत एक उभारून त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटर पोकळीत वाळू भरतात. वाळू व विटा दररोज पाण्याने ओल्या ठेवतात आणि वर ओले गोणपाट किंवा वाळ्याचे आच्छादन घालतात. कोरड्या उन्हाळ्यात आतील तपमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहते व भाजी-फळे काही दिवस ताजी राहतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो गुणकारी ठरतो; कोकणच्या दमट हवेत वा पावसाळ्यात वाफ सावकाश होत असल्याने त्याचा उपयोग थोडा. दूध व शिजविलेले अन्न यांसाठी मात्र तो पुरेसा नाही.

ज्या घरांत फ्रिज आहे, तेथे तो भिंतीपासून थोडा दूर ठेवावा, त्यात वाफाळते अन्न ठेवू नये आणि दाराचे रबर घट्ट बसते की नाही हे पाहावे. नवा घेताना अधिक तारे असलेला घ्यावा. ऊर्जा कार्यक्षमता विभागाने (बीईई) तारांकनाची ही पद्धत २००६ साली सुरू केली.

गावाने काय करावे?

शाळेत शिक्षकांनी दोन सारखी भांडी, सारखे पाणी व सारखी आच घेऊन, एकावर झाकण ठेवून व दुसऱ्यावर न ठेवता प्रयोग करून दाखविल्यास विद्यार्थी तो घरी सांगतील. शालेय पोषण आहाराची कडधान्ये आदल्या दिवशी भिजत घालता येतील. ग्रामपंचायतीला शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात एक शीतकक्ष नमुन्यादाखल बांधता येईल आणि बचत गटांच्या बैठकीत धान्यातील ओलावा, लोणच्यातील मीठ व धुराड्याची सफाई हे विषय घेता येतील. यांस मोठा निधी लागत नाही. आजीच्या हातातील जुने ज्ञान आणि प्रयोगशाळेतील नवे ज्ञान येथे एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात : पाण्याची वाफ कोठे होऊ द्यावयाची आणि कोठे अडवावयाची, हे ज्या घराला उमगले, त्या घरातील इंधन अधिक दिवस पुरेल आणि अन्न अधिक दिवस टिकेल.